राजापूरने दंडवत्यांना पाच वेळा निवडून दिलं, मग सहाव्यांदा काय झालं?

कातळशिल्प

गेल्या महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत सातबाऱ्याचे उतारे, दोन फुटके चष्मे आणि एक जुनं पंचांग. पंचांगाच्या पानांत सहा मतदार चिठ्ठ्या ठेवलेल्या. आपला मतदारयादीतला नंबर शोधून कार्यकर्ते घरोघर वाटतात, त्या चिठ्ठ्या. पहिलीवर झोपडी छापलीय, ती १९७१ ची. पुढच्या तिघींवर चक्रातला नांगरधारी शेतकरी: १९७७, १९८० आणि १९८४. पाचवीवर नुसतं चक्र, १९८९. सगळ्यांवर उमेदवार एकच, प्रा. मधु दंडवते. लोकसभा मतदारसंघ राजापूर.

आजोबा प्राथमिक शिक्षक होते. नोकरीमुळे उघड प्रचार करता यायचा नाही, पण माणूस समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलातला, त्यामुळे गावात कुणाला काही विचारावं लागायचं नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे त्यांनी निळ्या शाईत एकच शब्द लिहिलाय: 'आले.' पाच चिठ्ठ्या, पाच वेळा 'आले'.

सहावी १९९१ ची. ती ओल लागून पंचांगाच्या पानाला चिकटलीय. ओढली तर फाटेल म्हणून तशीच ठेवली.

तेव्हापासून एकच किडा डोक्यात वळवळतोय. माणूस मूळचा अहमदनगरचा, पेशाने मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. कोकणात ना जमीन ना जातीचा गोतावळा, आणि पक्षाकडे पैसा तर नाहीच. तरी दक्षिण कोकणाने त्याला सलग वीस वर्षं दिल्लीत ठेवलं. आणि ज्या कोकण रेल्वेसाठी तो घसा कोरडा करत होता, तिचं काम खरोखर सुरू व्हायची वेळ आली तेव्हा पाडलं. हे कसं झालं असेल? जाणकारांनी लिहावं. ज्यांना नुसतीच आठवण आहे त्यांनीही लिहावं.

घावणे_चटणी

बरा केलंस धागो काढलंस. आमच्याकडे याचा उत्तर एका ओळीत देतत: गाडी इली, पण आणणारो गेलो.

खवचट_काका

पाच वेळा निवडून आले म्हणजे पाच वेळा समोरचा पडला, एवढंच सिद्ध होतं. मतदार कुणाला आणण्यासाठी जितका मत देतो त्याहून जास्त कुणाला तरी पाडण्यासाठी देतो. कोकणी माणूस तर त्यात पीएचडी. (हलके घ्या.)

गणितमास्तर

काका, हे 'समोरचा पडला' प्रकरण इतकं सोपं नाही. जरा आकडे बघा.

१९७१: 'गरिबी हटाओ'ची लाट. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४५ जागा, त्यातल्या ४२ इंदिरा काँग्रेसकडे. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशातून दोन खासदार आले. एक बंगालमधल्या कांथीचे समर गुहा, दुसरे राजापूरचे दंडवते.

१९८०: जनता पक्षाची शकलं झालेली, इंदिराजी परत आलेल्या. राज्यात ४८ पैकी ३९ काँग्रेस. राजापूर जनता पक्षाकडे.

१९८४: इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक. ४८ पैकी ४३ काँग्रेस. राजापूर पुन्हा जनता पक्षाकडे.

म्हणजे पाचपैकी तीन विजय लाटेच्या उलट पोहून. १९७७ आणि १९८९ ला वारं पाठीमागून होतं, ती दोन सोडा. एखादा लाटेत निवडून येतो, ते समजतं. लाट गेल्यावर पडतो, तेही समजतं. हा माणूस प्रत्येक लाटेत उभा राहिला आणि पडला तेव्हा महाराष्ट्रात काँग्रेसच्या ३८ जागा होत्या, म्हणजे आधीच्या तिन्ही लाटांपेक्षा कमीच. धागाकर्त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो.

सुरंगी

तुम्ही सगळे १९७१ पासून सुरुवात करताय, तिथेच गफलत आहे. सुरुवात १९५७ पासून करा.

बॅरिस्टर नाथ पै. १९५७, १९६२ आणि १९६७, तीन वेळा राजापूरहून. ते वेंगुर्ल्याचे, म्हणजे घरचेच. संसदेत ते बोलायला उभे राहिले की सत्ताधारीसुद्धा कान देऊन ऐकत, असं त्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात ते गेले. वय पन्नाशीच्याही आत. सीमाप्रश्नाच्या हुतात्म्यांसाठी भाषण करून आलेले, आणि त्याच रात्री हृदयविकाराचा झटका.

लोकसभा आधीच बरखास्त झालेली, मध्यावधी निवडणूक दीड-दोन महिन्यांवर. अशा वेळी पक्षाने दंडवत्यांना उभं केलं. माझी आई तेव्हा मालवणात शाळेत होती. ती सांगते, बायका मत द्यायला जाताना 'नाथांक मत देऊक जातंव' असंच म्हणत होत्या. चिठ्ठीवर नाव दंडवत्यांचं, शिक्का झोपडीवर, आणि मत नाथ पैंना.

तेव्हा पहिला विजय त्यांचा नव्हेच. तो वारसा होता. पुढचे चार मात्र त्यांनी स्वतः कमावले, ते कुणी नाकारू नये. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते बंगळूरला होते. वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच. सगळ्यांना तिथेच उचललं आणि तिथल्याच तुरुंगात ठेवलं. प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार दोन तुरुंगांच्या मध्ये पत्रांवर चाललेला. कोकणातल्या बायकांना हे फार जवळचं वाटलं असणार, कारण नवरा मुंबईला, बायको गावाला आणि मध्ये पोस्टमन हेच आमच्या प्रत्येक घरात चाललेलं होतं.

कातळशिल्प

@सुरंगी, शेवटचं वाक्य वाचून थांबलोच. असा विचार केला नव्हता.

भुसावळ_जंक्शन

मी कोकणातला नाही, पण या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील रेल्वेत होते. मे १९७४ च्या संपात नोकरी गेली. तीन वर्षं काय हाल झाले ते लिहीत बसत नाही. आई पापड लाटायची आणि आम्ही भावंडं ते पोचवायचो, एवढ्यावर समजून घ्या. १९७७ ला दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं. कामावर रुजू होण्याच्या आदल्या रात्री वडिलांनी बूट तीनदा पॉलिश केले होते.

दुसरी गोष्ट बाकाची. आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. १९७४ ला तिसरा वर्ग कागदोपत्री गेला, पण फळी तीच राहिली. लाकडी पट्ट्यांचा बर्थ. रात्रभर झोपलं की सकाळी पाठीवर पट्ट्यांचे वळ उठायचे. म्हणून वळकटी न्यायची: सतरंजी, त्यात चादर, वरून पट्टा. दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंची फोम आला तो दंडवत्यांच्या काळात. पहिल्यांदा त्यावर बसलो तेव्हा माझा धाकटा भाऊ बोटाने दाबून दाबून बघत होता, खड्डा परत भरून येतो का म्हणून. आणि गीतांजली एक्सप्रेस, डिसेंबर १९७७, मुंबई-हावडा. पहिला वर्गच नसलेली गाडी.

मतदारसंघ राजापूर असेल. मतं मोजता आली असती तर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतही त्यांना कमी पडली नसती.

खवचट_काका

भुसावळकर, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण मुद्दा तोच तर आहे! फोम भुसावळला मिळाला, गीतांजली हावड्याला गेली. राजापूरला काय मिळालं? दोन वर्षं रेल्वेमंत्री आणि मतदारसंघात रुळाचा तुकडा नाही. आमच्या काकाने १९८० ला एसटीच्या वस्तीच्या गाडीत बसून, कशेडीच्या घाटात तीनदा ओकून, मग गावी जाऊन त्यांनाच मत दिलं. याला मी निष्ठा म्हणू की सवय?

सह्याद्री_पलीकडे

काका, जरा थांबा. मंत्र्याने आपल्या मतदारसंघात आधी रूळ टाकले असते तर तुम्हीच पहिली बोंब मारली असती.

कोकण रेल्वेची गोष्ट थोडी नीट मांडतो. रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीतून ही लाइन कधीच झाली नसती. डोंगर, नद्या, बोगदे, आणि परतावा कमी. १९८६ ला गाडी रोह्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. १९८९ ला सरकार बदललं. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एक कोकणचा खासदार, दुसरा मूळचा मंगळूरचा. म्हणजे लाइनीच्या दोन्ही टोकांना आपापली माणसं. त्यांनी वेगळं महामंडळ काढलं, जुलै १९९० मध्ये. भांडवलात रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकी पैसा रोख्यांतून. ई. श्रीधरन यांना प्रमुख केलं. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला.

महामंडळ निघालं आणि चार महिन्यांत सरकार पडलं. १९९१ च्या निवडणुकीत दंडवत्यांकडे दाखवायला काय होतं? कागद. भूसंपादनाच्या नोटिसा. मतदाराला रूळ दिसले नाहीत, आपल्या आंब्याच्या कलमांवर मारलेले खुणेचे आकडे दिसले.

आंबोळी

+१. आमची बारा कलमं गेली होती. माझे आजोबा जन्मभर समाजवादी, पण त्या वर्षी खळ्यात बसून शिव्या घालत होते. मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सोनारआळी

अर्थमंत्री म्हणालात म्हणून आठवलं. १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी सोने नियंत्रण कायदा रद्द करत असल्याचं जाहीर केलं. बाकीच्यांना ती बातमी असेल, आमच्या घरात तो सण होता. १९६३ ला मोरारजींनी चौदा कॅरेटचा नियम आणला तेव्हा आजोबांची भट्टी बंद पडली आणि ते सायकल दुरुस्तीला लागले. बोटं तारेचं काम केलेली, आणि हातात पाना. कायदा गेल्याचं कळलं तेव्हा आजोबा हयात नव्हते. आजीने त्यांची फुंकणी कपाटातून काढून पुसली आणि परत ठेवली.

एवढं सांगू शकतो, की १९९१ ला आमच्या आळीतली मतं फुटली नव्हती.

खवचट_काका

आळीत मतं किती?

सोनारआळी

सतरा. 😀

नवापूर_लोकल

तुम्ही पाच वेळांचं कौतुक करताय. आमच्याकडे या, नंदुरबारला. माणिकराव गावित. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत सलग नऊ वेळा. नऊ! २००९ ला नव्या लोकसभेत सर्वांत ज्येष्ठ म्हणून हंगामी अध्यक्षही तेच होते. नव्या खासदारांना शपथ देणारा माणूस आमच्या नवापूरकडचा. पण पुण्या-मुंबईतल्या दहा जणांना नाव विचारा, आठांना माहीत नसेल.

दंडवते म्हणजे भाषण, माणिकराव म्हणजे शांतता. संसदेत फार बोलले नाहीत, टीव्हीवर दिसले नाहीत. पण लग्न असो की मयत, ते यायचे. पाड्यावरच्या माणसाला त्यांच्याशी बोलताना दुभाष्या लागायचा नाही. त्यातून नंदुरबार म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला. इंदिराजींपासून सोनियांपर्यंत सगळ्यांच्या सभा इथे झालेल्या. आधार कार्डाची सुरुवातसुद्धा २०१० ला आमच्या टेंभलीतूनच झाली.

आणि मग २०१४. डॉ. हीना गावित, वय सव्वीस-सत्तावीस. लाखाहून जास्त मतांनी माणिकराव पडले. त्यांची खासदारकी सुरू झाली तेव्हा हीनाताईंचा जन्मही झाला नव्हता. पुढे २०१९ ला हीनाताई परत आल्या, २०२४ ला त्याही पडल्या आणि जागा पुन्हा काँग्रेसच्या गोवाल पाडवींकडे. बालेकिल्ल्याला दरवाजे दोन्ही बाजूंनी असतात, इतकंच.

गणितमास्तर

@नवापूर_लोकल, नऊ विजयांच्या माणसावर इथे पहिल्यांदाच कुणी लिहिलंय बहुतेक. वेगळा धागा काढा, खरंच.

इंदुरी_पोहा

आता आमचंही ऐका. सुमित्राताई महाजन. १९८९ ते २०१४, इंदूरहून सलग आठ वेळा, आणि शेवटी लोकसभेच्या अध्यक्ष. १९८९ ला त्यांनी पाडलं ते माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना. आणि ताई मूळच्या कुठल्या? चिपळूणच्या!

म्हणजे बघा, चिपळूणची मुलगी माळव्याने आठ वेळा निवडून दिली आणि नगरचा प्राध्यापक कोकणाने पाच वेळा. 'बाहेरचा उमेदवार' म्हणून जे गळे काढतात त्यांनी हे लिहून ठेवावं. मात्र ताई लग्न होऊन इंदूरला आल्या, नगरसेवक झाल्या, उपमहापौर झाल्या आणि मग खासदार. त्यांना कुणी बाहेरचं म्हणायची सोयच नव्हती. दंडवत्यांचं तसं नव्हतं ना?

सुरंगी

नव्हतं. पण तेव्हाच्या दक्षिण कोकणाला बाहेरच्या माणसाचं वावडं नव्हतं, कारण घरातला कर्ता पुरुषच बाहेर होता.

ग्रंथपाल_निवृत्त

विषयांतराबद्दल क्षमस्व. @कातळशिल्प, ती सहावी चिठ्ठी ओढू नका. वाफ अजिबात देऊ नका, निळी शाई पसरेल. पंचांगाचं ते पान कोरड्या हवेत दोन-चार दिवस उघडं ठेवा. मग पातळ, बोथट सुरी (लोणी लावायची चालेल) कडेने आडवी सरकवत न्या. अडलं की थांबा, दुसऱ्या कडेने या. घाई करू नका. चाळीस वर्षं ओल्या कपाटांतली पुस्तकं हाताळलीत, म्हणून सांगतो.

घावणे_चटणी

फ्रीजमध्ये ठेवा. आमची आवस टपालाची तिकिटां तशीच सोडवी.

ग्रंथपाल_निवृत्त

फ्रीजमध्ये ठेवू नका!!

कातळशिल्प

😀 नाही ठेवत. पंधरवड्याने पुन्हा गावी जायचंय, तेव्हा सुरी नेतो.

तिसरी_पिढी

वरचे प्रतिसाद वाचले. माझ्या मते उत्तर राजापुरात नाही, परळमध्ये आहे.

माझे आजोबा कणकवलीजवळचे, गिरणीत जॉबर. गावातली मतं गावात ठरत नसत. गावमंडळाच्या खोलीत, भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत जिथे वीस जण पाळीपाळीने झोपत, तिथे ठरत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली संदेशासाठी जागा असते. त्यात आजोबांनी लिहिलेलं आजी दाखवायची: 'तब्येत बरी. गुरांची काळजी घे. झोपडीवर शिक्का मार.' तीन वाक्यं, त्यातलं एक पक्षाचं. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन वाचून दाखवायचा. म्हणजे प्रचार करणारा एक सरकारी नोकरच झाला म्हणायचा!

त्या खोल्यांमधून समाजवाद्यांचा वावर होता. युनियन, वाचनालयं, सेवा दल, रात्रशाळा. १९८२ चा संप झाला आणि सगळं विस्कटलं. गिरण्या गेल्या, खोलीत पैसे पाठवणारा राहिला नाही. नातू मोठा झाला तो शिवसेना शाखेच्या फळ्यावरचा मजकूर वाचत. आजोबांच्या खोलीत नाथ पैंचा फोटो होता, माझ्या वडिलांच्या खोलीत बाळासाहेबांचा. भांडण नाही, काही नाही, फक्त फोटो बदलला. १९९० च्या विधानसभेला नारायण राणे मालवणातून निवडून आले तेव्हाच पुढचं दिसायला हवं होतं.

१९९१ ला युतीचा उमेदवार वेगळा, जनता दलाचा वेगळा, समोर काँग्रेस. आधी काँग्रेसविरोधातलं मत एका ठिकाणी पडायचं, ते दोन ठिकाणी गेलं. काँग्रेसचे सुधीर सावंत आले. राज्यात जनता दलाचा एकही खासदार आला नाही. पुढच्या निवडणुकीत, १९९६ ला, जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली आणि २००९ ला मतदारसंघाची फेररचना होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. आता राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे.

तेव्हा दंडवते पडले असं मी म्हणत नाही. त्यांना पाठवणारी खोली गेली.

खवचट_काका

हा प्रतिसाद आवडला. फार क्वचित होतं असं.

पण एक शंका काढतोच. खोली जर १९८२ ला मोडली, तर १९८४ आणि १९८९ ला ते कसे आले?

तिसरी_पिढी

खोली मोडली तरी भाडं काही वर्षं भरलं जातंच की. संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आजोबा १९८६ पर्यंत रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन यायचे, भोंगा होतोय का बघायला.

गणितमास्तर

काकांच्या शंकेला आणखी एक उत्तर. १९८४ ला सेना-भाजपची रीतसर युती झालेली नव्हती आणि सेना कोकणात मुरलेली नव्हती. विरोधी मताला दुसरं घर नव्हतं. १९८९ ला बोफोर्स होतं, व्ही. पी. सिंग होते. १९९१ येईपर्यंत मंडल झालं, रथयात्रा झाली, सरकार पडलं, राजीव गांधींची हत्या झाली. दीड वर्षात देश इतका हलला की आधीचा कुठलाच हिशेब जुळेना.

खवचट_काका

बरं, मान्य. मग आता रेल्वेमंत्री मोजा. दंडवते एक, सुरेश प्रभू दोन. राजापूरने दोन रेल्वेमंत्री दिले आणि राजापूर रोड स्टेशन अजून राजापूर शहरापासून कुठल्या कुठे. उतरल्यावर रिक्षावाला जो भाव सांगतो, त्यात मुंबईला परत जाता येईल.

सह्याद्री_पलीकडे

प्रभू रेल्वेमंत्री झाले २०१४ ला, आणि खासदारकी राज्यसभेची. राजापूरचे खासदार म्हणून नव्हेत. पण रिक्षाबाबत सहमत. 😀

सुरंगी

हरल्यावर दंडवते काय करत होते तेही लिहा कुणी. १९९६ ते ९८ ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. लिहीत होते, सभांना जात होते. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. देहदान केलं, जे. जे. रुग्णालयाला. आयुष्यभर प्राध्यापकी अंगात होती, जाताना वैद्यकीय कॉलेजच्या पोरांना शरीर शिकायला देऊन गेले. मला त्यांच्या पाच विजयांपेक्षा हे जास्त आठवतं.

आंबोळी

सावंतवाडीच्या टर्मिनसला त्यांचं नाव द्यावं अशी मागणी ऐकते मी. आमच्या बारा कलमांवरून गेलेली लाइन आहे, माझा अनुमोदनाचा हक्क धरा.

भुसावळ_जंक्शन

माझंही अनुमोदन. कलमं नाहीत, पापड आहेत.

कातळशिल्प

गावाहून आत्ताच परतलो. आधी दोन गोष्टी.

एक, कुडाळच्या आत्याला विचारलं, १९९१ ला मत कुणाला दिलंस? ती म्हणाली, "दिलंच नाही. पेरणी आटपायची होती नि मतदानाचं केंद्र नदीपलीकडे. आम्हाला वाटलं, ते काय, येतीलच." मी विचारलं, आणखी किती जण गेले नसतील असे? ती म्हणाली, "आमच्या वाडीतून तीन बायका. तिघी एकाच शेतात होतो."

तीन मतांनी कुणी पडत नाही, गणितमास्तर सांगतीलच. पण वीस वर्षं एकच माणूस येत राहिला की 'ते काय, येतीलच' हेसुद्धा एक मत असतं, आणि ते पेटीत पडत नाही. @तिसरी_पिढी यांची खोली आणि आत्याचं शेत, दोन्ही मला पटतंय. कुठलं किती ते ठरवता येत नाही.

दुसरं, चिठ्ठी. ग्रंथपालांनी सांगितलं तसंच केलं. चार दिवस पान उघडं ठेवलं, लोण्याची सुरी, दोन्ही कडांनी. एक कोपरा पंचांगालाच राहिला, बाकी सुटली.

मागे 'आले' नाही. 'गेले'ही नाही. त्याच निळ्या शाईत, त्याच अक्षरात लिहिलंय:

जया – ४ पायली
रत्ना – २ पायली
दत्तू – ३ दिवस, सोनू – २ दिवस
नांगराचा फाळ धारेला दिला

ग्रंथपाल_निवृत्त

कोपरा पानासकट कापू नका. असू दे तिथेच.